पायाखालचे मिलिमीटर

स्की विकत घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. तीन-चार हिवाळे भाड्याची स्की चालते. पुढे मात्र दर वेळी नव्या जोडीशी जुळवून घेण्यातच अर्धी सकाळ जाते. आता तुझं घोडं अडलंय ते आकड्यावर. सांता ॲना नावाची स्की 87, 92 की 97? कंपनी तीच, नाव तेच, आणि दुकानदार तिन्हींना ‘ऑल-माउंटन’ म्हणतो. ब्लॅक पर्ल बघितलीस तर 84, 88, 94. रिपस्टिक बघितलीस तर 88, 94, 102. जाशील तिथे हीच रांग.

हा आकडा म्हणजे स्कीच्या कमरेची मिलिमीटरमधली रुंदी. बुटाखाली, जिथे ती सगळ्यात अरुंद असते, तिथली. भाड्याची स्की बहुधा 75 ते 80 च्या आसपास असते, म्हणजे तुला 87 हीसुद्धा मोठी पायरी आहे. आणि रुंदी वाढली की आपण वरच्या वर्गात गेलो, हे डोक्यातून काढून टाक. विश्वविजेती मिकाएला शिफ्रिन स्लॅलमच्या शर्यतीत उतरते ती 65 च्या आसपासच्या स्कीवर. मैत्रिणीकडे 102 आहे म्हणून ती तुझ्यापेक्षा चांगली ठरत नाही.

पुढे सांगते त्यातलं निम्मं मला साउथ लेक टाहोला स्की दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेलं आहे. उरलेलं वर्षानुवर्षं इथले उतार उतरून कळलेलं.

आधी आपला शनिवार ओळख. तू फ्रीमाँटला राहतेस, नोकरी सोमवार ते शुक्रवार. तुझा डोंगर म्हणजे शनिवार-रविवारचा डोंगर. वादळ आलं की हायवे 80 आणि 50 वर चेन कंट्रोल लागतो, म्हणजे चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, कधी रस्ताच बंद होतो. रखडत वर पोचलीस तरी वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट थांबलेल्या असतात. त्या उघडल्या की सगळी गर्दी तिकडेच लोटते आणि दुपारच्या आत ताज्या बर्फाची ढेकळं होतात. वादळ नसेल तेव्हा सकाळी रात्रभर गोठलेला कडक बर्फ, अकरानंतर मऊ, आणि वसंतात दुपारी निव्वळ लगदा. जाहिरातीत गुडघाभर पावडर, म्हणजे ताजा भुरभुरीत बर्फ, उडवणारी बाई दिसते ना, तो दिवस मंगळवारचा असतो. स्की घ्यायची ती आपल्या शनिवारसाठी, तिच्या मंगळवारसाठी नव्हे. मागच्या हंगामात कुठे गेलीस, बर्फ कसा होता, ते आठवेल तसं कागदावर लिही. निम्मा निर्णय तिथेच होईल.

एका हिवाळ्यावर भरवसा ठेवू नकोस. आपला सिएरा पर्वत लहरी आहे. 2022-23 च्या हंगामात डॉनर पासजवळच्या बर्कली विद्यापीठाच्या हिमप्रयोगशाळेत 754 इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे सुमारे 19 मीटर. आणि 1 एप्रिल 2015 ला कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन फिलिप्स स्टेशनला बर्फमोजणीला गेले, तेव्हा तिथे पायाखाली कोरडं गवत होतं. राज्याचा हिमसाठा त्या दिवशी सरासरीच्या 5 टक्के होता. पहिल्यासारखा हंगाम पाहून रुंद स्की घेतलीस आणि पुढे दुसऱ्यासारखे दोन आले, तर काय करशील? मधली रुंदी दोन्हीकडे निभावते.

वजन लपवू नकोस, त्याचा हिशेब मांड. तू 55 किलोची, तुझे काका 80 किलोचे. काकांची स्की 104 रुंद आणि 180 सेंटिमीटर लांब. टोकापासून शेपटीपर्यंतची सरासरी रुंदी 12 सेंटिमीटर धरली, तर दोन्ही मिळून 4320 चौरस सेंटिमीटर झाले. दर चौरस सेंटिमीटरवर साडेअठरा ग्रॅम भार. तुझी 92 ची, 165 लांबीची जोडी घे. सरासरी रुंदी 11 धरली तर 3630 चौरस सेंटिमीटर, आणि भार पंधरा ग्रॅम. म्हणजे 92 वर तू काकांपेक्षा जास्त तरंगशील. पुरुष एकमेकांना सांगतात ते आकडे कानावर पडले की त्यातून दहा-बारा वजा कर. ‘टाहोला शंभरशिवाय गत्यंतर नाही’ हे वाक्य बहुधा ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाचं असतं.

कडक बर्फावर रुंदीचं भाडं गुडघा भरतो. वळताना आपण स्कीच्या एका कडेवर उभे असतो. ती कड पायाच्या मध्यरेषेपासून जितकी लांब, तितका पाय तिच्यावर उभा करायला जोर जास्त. रुंद पाट एका कडेवर तोलून वर उभं राहायचा प्रयत्न केलास तर घोटा कसा पिळवटेल, तोच प्रकार. मऊ बर्फात कड आत रुतते, म्हणून हे जाणवत नाही. गोठलेल्या सकाळी मात्र प्रत्येक वळणाला जाणवतं, आणि दुपारपर्यंत मांड्या भरून येतात. शिवाय अरुंद स्की या कडेवरून त्या कडेवर चटकन जाते, रुंद स्कीला क्षणभर जास्त लागतो. मोगलांमध्ये, म्हणजे उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांमध्ये, हा क्षण फार मोलाचा. आपल्या बायकांच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध स्कीइंगमध्ये पुरुषांच्या मानाने जास्त वेळा फाटतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर दोन आकड्यांतला लहान घे, चर्चा नको.

ढेकळांत रुंदी नव्हे, वजन कामाला येतं. हे फार थोडे लोक सांगतात. सिएराचा बर्फ पॅसिफिकचं पाणी पिऊन आलेला, जड. युटातल्यासारखा भुरभुरीत नाही. तो तुडवला गेला की त्याची ढेकळं होतात, आणि हलकी स्की त्यांवर आपटून भलतीकडेच जाते. तिथे रुंद पण हलक्या स्कीपेक्षा थोडी अरुंद पण भारदस्त स्की सरळ चालते. म्हणून नुसता आकडा वाचू नकोस, आत काय आहे ते विचार. लाकडाच्या गाभ्यावर टायटॅनलचा पत्रा आहे का? तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू असतो. त्याने स्की जड होते, पण कंप गिळते. एकाच नावाच्या स्कीतही रुंदीप्रमाणे हा पत्रा कमी-अधिक असतो. सांता ॲनामध्ये रुंद जोडीला धातू कमी, अरुंदला जास्त. तेव्हा 87 आणि 97 यांच्यात दहा मिलिमीटरचाच फरक आहे असं समजू नकोस, त्यांचा स्वभावच वेगळा आहे. रिपस्टिकमध्ये कार्बन आहे, ती हलकी. तिची डावी-उजवी ठरलेली असते, कारण आतली कड आणि बाहेरची कड वेगळ्या आकाराची असते. घालताना खुणा बघ.

‘रुंद आहे, मग आखूड घे’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. तरंगायला लागतं ते क्षेत्रफळ, आणि ते लांबीतूनही मिळतं. मघाच्याच ढोबळ हिशेबाने 92 ची 165 लांबीची आणि 97 ची 158 लांबीची स्की जवळजवळ सारख्याच क्षेत्रफळाच्या निघतात. पण पहिलीला बर्फात धरायला कड जास्त आहे, पुढे-मागे तोल सांभाळायला आधार जास्त आहे, आणि या कडेवरून त्या कडेवर जायला ती चपळही आहे. तुझ्या सरावाला हनुवटी ते कपाळ यांच्या मधली लांबी ठीक. टोकाला रॉकर मोठा असेल, म्हणजे पुढचा भाग लांबवर उचललेला असेल, तर सपाट बर्फावर स्की आहे त्याहून आखूड वाटते. अशा वेळी वरच्या लांबीकडे झुक.

बायकांची स्की म्हणजे गुलाबी रंग नव्हे. काही जोड्यांत खरंच गाभा हलका असतो, लांब्या लहान मिळतात आणि बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीची, जागा जरा पुढे असते. हे बाइंडिंग पुढे सरकवण्याचं प्रकरण लावून धरलं जीनी थोरेन या अमेरिकन बाईंनी. बायकांचा शरीराचा भार पुरुषांपेक्षा खाली आणि मागे असतो, मग पुरुषांच्या खुणेवर उभं राहून स्कीचं टोक दबणार कसं, हा त्यांचा सवाल. डेमोच्या, म्हणजे चालवून बघायला मिळणाऱ्या स्कीच्या, बाइंडिंग मागे-पुढे सरकतात. स्की वळायला आडमुठी वाटली, तर रुंदीला दोष देण्याआधी एक सेंटिमीटर पुढे सरकवून बघ. काही जोड्यांत मात्र पुरुषांच्या स्कीला नुसता नवा रंग दिलेला असतो. त्याही वाईट नसतात, पण काय घेतोय ते कळलेलं बरं.

दुकानात बूट घेऊन जा. बूट सैल असेल तर कोणतीही रुंदी तुझं ऐकणार नाही, म्हणून पैसे कमी पडले तर आधी बूट. मग बाइंडिंग. तिचा ब्रेक कमरेपेक्षा जेमतेम रुंद हवा. 87 ला 90 चा, 92 आणि 97 ला 100 चा चालतो. फार रुंद ब्रेक वळताना बर्फात घासतो. जुनी बाइंडिंग नव्या स्कीवर बसवायचा विचार असेल तर हे आधी तपास, आणि तुझ्या बुटाचा तळवा तिच्यात बसतो का तेही. पडल्यावर बूट बाइंडिंगमधून सुटण्याचा आकडा उंची, वजन, वय, तळव्याची लांबी आणि चालवण्याची पद्धत यांवरून तंत्रज्ञ ठरवतो. वजन सांगताना चार किलो कमी सांगू नकोस, आणि स्क्रू घरी फिरवू नकोस.

डेमो घेशील तर रीतसर घे. एकच दिवस, एकच उतार, आपलेच बूट. सकाळी 87 आणि दुपारी 97 चालवलीस तर तू स्कीची नव्हे, उन्हाची तुलना करशील. लागोपाठ घे, आणि शेवटी पहिली पुन्हा घे. दोन्हींच्या कडा धार लावलेल्या आहेत का, ते बोटाने नव्हे, नखाने बघ. कडेवरून नख फिरवलं तर बारीक कीस निघाला पाहिजे. बोथट 87 ही धारदार 97 पेक्षा घसरडी निघते आणि मग निकाल उलटा लागतो. आणि दमल्यावरची फेरी चुकवू नकोस. ताज्या पायांना सगळ्याच स्की आवडतात, तीन वाजता जी वळते ती आपली.

आता निकाल. मुलांबरोबर नॉर्थस्टारच्या यंत्राने सारख्या केलेल्या उतारांवरच दिवस जाणार असतील तर 87. कर्कवूडचा पास काढून आठवड्यात मधेच रजा टाकणार असशील तर 97. पण तू आज हेव्हन्लीला, उद्या पॅलिसेड्सला जाणारी, मिळेल तो बर्फ घेणारी आहेस. तुला 92, लांबी 165 च्या आसपास, आत धातू असलेली. बॉस्टनच्या मैत्रिणीला हे सांगू नकोस. व्हरमाँटच्या बर्फाला आरशासारखी चकाकी येते, तिथे 80 ते 88 पुरे. सॉल्ट लेकला राहणारीने खुशाल 97 घ्यावी. आणि कधी गुलमर्गला अफरवटच्या गोंडोलाने वर गेलीस, तर तिथे वरच्या भागात यंत्र फिरत नाही, सगळा मोकळा बर्फ. तिथल्यासाठी शंभराच्या वरची भाड्याने घे. टाहोतही वर्षातून एखादा खरा पावडरचा दिवस हाती लागला, तर डोंगरावरच्या दुकानातून तेवढ्यापुरती रुंद जोडी मिळते. त्या एका दिवसासाठी अख्खा हंगाम रुंद स्की ओढायचं कारण नाही.

पुढेमागे दुसरी जोडी घ्यावीशी वाटेल. तेव्हा 92 च्या शेजारची 97 घेऊ नकोस, दोन्ही एकाच दिवशी चालतील आणि एक गॅरेजमध्ये पडून राहील. निदान बारा-पंधरा मिलिमीटरचं अंतर ठेव, म्हणजे सकाळी कोणती उचलायची हे खिडकीतून बाहेर बघूनच कळेल. तोवर ही एकच जोडी, पण तिच्या कडांना वेळच्या वेळी धार.