रविवारी बूट खुंटीला

भाच्या, तू पोलीस भरतीसाठी पळतोस याचं कौतुकच आहे बाप्पा. पण ताई म्हणते, मोवाड रस्त्यावर सकाळीही तूच अन् संध्याकाळीही तूच. म्हणून हे लिहून देतो.

१. भरतीत पळायचं १६०० मीटर. रोजचे बारा किलोमीटर कोणासाठी ते एकदा सांग – ५० पैकी २० गुण सोळाशेचे, वरच्या पळण्यानं फक्त तळवे झिजतात.

२. रविवारी बूट खुंटीला टांग – किती पळतोस यावरून व्यसन कळत नाही, न पळता दिवस कसा जातो यावरून कळतं. आईवर खेकसलास, रात्री डोळा लागला नाही, तर समजून घे.

३. तू एकटा नाहीस. १९७० साली अमेरिकेत बेकलँड नावाच्या डॉक्टरला महिनाभर व्यायाम सोडणारी माणसं हवी होती. रोज करणारे पैसे घेऊनही तयार होईनात. आठवड्यातून तीन-चार दिवसवाले घेतले, तर त्यांचीही झोप बिघडली.

४. नडगीवर बोट दाबत खाली ये. दुखणं पसरलेलं असेल तर काही दिवस आराम. एकाच ठिपक्यावर कळ आली, पडल्यापडल्याही ठणकलं, तर पळणं बंद अन् डॉक्टर – हाडाला बारीक चीर असू शकते. ती पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसतही नाही, तेव्हा ‘फोटो चांगला आला’ म्हणत लगेच मैदान गाठू नको.

५. दुखण्याची गोळी खाऊन पळायचं नाही – गोळीनं ठणक झोपते, हाड नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हात घाम गेलेला असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर जड पडतात.

६. आंबिया बहरासाठी बागेचं पाणी तोडून तिला ताणावर सोडतो तेव्हा जमीन हलकी की भारी ते पाहून दिवस ठरवतो, पानं मलूल झाली की ओलीत सुरू – मोजला ताण तर बहर, नाही मोजला तर सरपण. अंगाचंही तसंच.

७. धाकटी आठशे मीटरची तयारी करते, तिची पाळी तीन महिने आली नाही तर ताईनं तिला दवाखान्यात न्यावं – पळणं जास्त अन् जेवण कमी झालं की असं होतं, हाडंही ठिसूळ होतात.

८. घरच्या हळदीतून उठून पळायला गेलास ते चाललं, पुढच्या लग्नात चालणार नाही.

९. एवढं करूनही पाय थांबत नसतील तर १४४१६ लाव, टेली-मानसचा नंबर आहे – फुकट आहे, मराठीत बोलतात, अन् माझ्यासारखं टोमणे मारत नाहीत.