सही कोणाची? मोबाईलमधील नावांची यादी आणि आपले खासगीपण

२०२१ च्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या संस्थेच्या कार्यालयात एक तरुण आला. कारखान्यात कंत्राटी कामाला होता, टाळेबंदीत काम सुटले होते. आईच्या औषधपाण्यासाठी त्याने मोबाईलवरील एका ॲपमधून पाच हजारांचे कर्ज घेतले. हाती आले तीन हजार दोनशे, बाकीचे शुल्क म्हणून आधीच कापलेले. मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी फोन गेले ते त्याच्या मावशीला, ज्या मुकादमाने पुन्हा कामावर घेण्याचे कबूल केले होते त्याला, बहिणीच्या शिक्षिकेला आणि आमच्या कोषाध्यक्षांना. "हा चोर आहे, तुम्ही याला जामीन आहात," असे पलीकडचा माणूस सांगत होता. कोषाध्यक्ष जुन्या वळणाचे गृहस्थ. ते आम्हांला म्हणाले, "जामीन आहे तर मी सही कुठे केली?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही शोधू लागलो तेव्हा जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ॲप बसविताना फोन आपल्याला विचारतो : याला तुमच्या फोनमधील नावे-नंबर पाहू द्यायचे काय? फोटो? ठिकाण? पैशाची नड असलेला माणूस हे वाचत बसत नाही, अंगठा लावून मोकळा होतो. त्या क्षणी सगळी यादी कंपनीच्या संगणकावर उतरवून घेता येते. पुढे ॲप काढून टाकले तरी तेथील नक्कल पुसली जात नाही. म्हणजे कोषाध्यक्षांची सही त्या तरुणाच्या अंगठ्याने झाली होती. फोन त्याचा, परंतु त्यातील शेदोनशे माणसे त्याची मालमत्ता नव्हेत.

ही यादी म्हणजे नुसते आकडे नव्हेत. आपण नावे कशी लिहून ठेवतो ते आठवा. 'डॉक्टर शुगर', 'भिशी ताई', 'विहार कमिटी', 'वकील घटस्फोट', 'सावकार'. एवढ्यावरून घरातले आजारपण, देणे, भांडण आणि आपण कोणत्या समाजाचे हे सर्व कळते. आडनावावरून जात ओळखणाऱ्यांच्या देशात हे कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न लहान नाही.

हा प्रकार एकट्या त्या तरुणाचा नव्हता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला दोन महिन्यांच्या पाहणीत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली, त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदेशीर होती. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेने सूचना काढल्या. कर्जाच्या ॲपने नावांची यादी, फोटो-फायली, फोन केल्याची नोंद यांना हात लावावयाचा नाही. कॅमेरा, माईक व ठिकाण यांचा वापर ग्राहकाची ओळख पटविण्यापुरता, एकदाच आणि त्याच्या संमतीने करावयाचा. मे २०२५ च्या निर्देशांतही हे बंधन कायम आहे. तेव्हा जे कर्जाचे ॲप नावांची यादी मागते ते नियम मोडणारे आहे, एवढे तरुणांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. नियमात बसणाऱ्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. छळ सुरू झालाच तर १९३० या क्रमांकावर व पोलीस ठाण्यात तक्रार करावी. लाजेने गप्प बसू नये, कारण वसुलीवाल्यांचा सगळा धंदा त्या लाजेवरच चालतो.

काही मित्र म्हणतात, आपण गरीब माणसे, आपल्याकडे लपविण्यासारखे आहे काय? आम्हांस हे पटत नाही. पाळत आधी गरिबावरच ठेवली गेली आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. त्यांची नावे नोंदविली, हजेरी लावली, गाव सोडण्यास परवाना लावला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते जोखड कायद्याने उतरले. परंतु उत्तर प्रदेशातील खडक सिंग नावाच्या माणसाचे पुढेही तेच झाले. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपात पुरावा नाही म्हणून तो सुटला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. चौकीदार व शिपाई रात्री दार ठोठावीत, तो कोठे जातो-येतो याची नोंद ठेवीत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरात येणे बेकायदा ठरविले, परंतु खासगीपण हा मूलभूत हक्क नाही असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे होते. ते मत मान्य होण्यास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. येथे सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे डॉ. बाबासाहेबांनी १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात माणसाचे शरीर, घर व कागदपत्रे यांना विनाकारण झडतीपासून संरक्षण मागितले होते. तेव्हा कागदपत्रे पेटीत असत, आज ती खिशात आहेत.

२०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संमती मागताना मजकूर मराठीतही वाचावयास मिळण्याची सोय आणि दिलेली संमती तितक्याच सहजतेने परत घेण्याचा हक्क त्यात आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दुकानदाराने बिलासाठी मोबाईल नंबर मागितल्यास नाही म्हणता येते, तसा सल्ला केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना दिला आहे. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत चालते का ते विचारावे. फोनच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची परवानगी 'वापरतानाच' अशी ठेवता येते.

आता आमची स्वतःची चूक. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत आम्ही मुलींचे पत्ते, पगार, मोबाईल नंबर छापीत होतो. कोणीतरी त्या पानांचे फोटो काढून फिरविले आणि दोन मुलींना नंबर बदलावे लागले. अर्जावर त्यांची सही होती. पण ती पुस्तिकेत छापण्यासाठी होती, गावभर फिरविण्यासाठी नव्हती. कोषाध्यक्षांचा प्रश्न आता आमच्याकडेच वळला होता. तो तरुण मध्यंतरी भेटला. कर्ज फिटले होते. मुकादमाने मात्र त्याला पुन्हा घेतले नाही.

या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी नेहमीप्रमाणे आहे, परंतु तीत यंदा फोन नंबर नाहीत. कोणास एखाद्याचा नंबर हवा असल्यास रविवारी सकाळी कार्यालयात यावे. त्या सभासदास विचारून मग देऊ.