डाळिंबाची बाग आणि गावातील मजुरी

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका होय. रब्बी ज्वारीची पेरणी व काढणी एवढेच जेथे मुख्य काम, तेथे मजुराचे उरलेले महिने रिकामे जात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील हजारो हात खडी फोडण्यास लागले. पुढे 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली. मुरमाड, हलक्या जमिनीत तग धरणाऱ्या डाळिंबाने तालुक्याचे चित्र पालटले; आधी ‘गणेश’ व नंतर ‘भगवा’ या जातींच्या बागा पसरल्या.

बागेला मजूर किती प्रकारे लागतो, हे पाहण्यासारखे आहे. बाग ताणावर सोडल्यानंतर छाटणी, खत, पाणी, फवारणी, फळांची विरळणी, तोडणी अशी कामे ओळीने येतात, आणि फुलापासून फळ तयार होण्यास 5 ते 6 महिने लागतात. प्रतवारी गावातच झाली तर बायाबापड्यांनाही मजुरी मिळते. खोकी, वाहतूक, औषधांची दुकाने यांना काम मिळते ते वेगळेच. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, ती या उत्पादनाच्या बळावरच. मात्र व्यापाऱ्याने झाडावरच माल घेऊन स्वतःची टोळी आणली, तर उत्पन्न वाढूनही गावातील मजुरी तेवढी वाढत नाही.

याची दुसरी बाजू कडू आहे. तेल्या, मर व खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा यांमुळे तालुक्यातील अनेक बागा उपटाव्या लागल्या. बागाईतदाराकडे निदान जमीन राहिली. भूमिहीन मजुराकडे काहीच राहिले नाही. एकाच पिकावर साऱ्या गावाची मजुरी टांगलेली असल्यास असेच व्हावयाचे.

वेगवेगळ्या बागांत वेगवेगळे बहार धरल्यास काम वर्षभर विभागते, हे खरे. परंतु पावसाळी दमट हवेत तेल्या फोफावतो, म्हणून रोगग्रस्त भागात मृग बहाराऐवजी हस्त बहार धरणे हिताचे ठरते. तेव्हा मजुरीची पोकळी ज्वारी, चारा व दुभत्या जनावरांनी भरून काढावी. छाटणी करणाऱ्यास प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करण्याची सवय लावावी. रोग कात्रीबरोबरच पुढच्या झाडावर जातो. गावातील बागांचे क्षेत्र नोंदविताना बहाराचा महिना व मजुरांचे दिवसही नोंदवावेत, स्त्रियांचे व पुरुषांचे निरनिराळे. कोणत्या महिन्यात हात रिकामे राहतात, ते त्यावरून कळेल व रोजगार हमीची कामे त्याच महिन्यांसाठी मागता येतील.