साहित्य संमेलन : राजाश्रय आणि यजमानपद

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने शासकीय अनुदान स्वीकारावे की नाही, हा मराठीतील जुना वाद आहे. लेखकाचे स्वातंत्र्य एका बाजूस आणि राजाश्रय दुसऱ्या बाजूस, अशी त्याची मांडणी सामान्यतः केली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार व्यवस्थेच्या अंगाने करावयाचा आहे. संमेलनाच्या स्वायत्ततेला बाध येतो तो अनुदानाच्या रकमेमुळे तितका नव्हे, जितका यजमानपदाच्या रचनेमुळे, असे आमचे प्रतिपादन आहे.

ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यात न्या. म. गो. रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. त्यांचा आक्षेप पैशाविषयी नव्हता; ही सभा कोणाची, याविषयी होता. पुढे आश्रयदातेच व्यासपीठावर आले. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भूषविले.

आजची रचना १९६१ साली स्थापन झालेल्या साहित्य महामंडळापासून सुरू होते. पुणे, मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील चार साहित्यसंस्था या महामंडळाच्या मूळ घटक होत. त्याचे कार्यालय ठरावीक मुदतीने त्यांच्यात फिरते. संमेलनाध्यक्षाची निवड व परिसंवादांची आखणी महामंडळाकडे असते. मांडव, निवास, भोजन ही जबाबदारी मात्र निमंत्रक संस्थेची, आणि ती संस्था दर संमेलनाला बदलते. राज्य शासनाचे अनुदान अलीकडच्या वर्षांत ५० लाखांवरून २ कोटी रुपयांवर गेले आहे. त्यापलीकडचा खर्च यजमानाने उभा करावयाचा असतो. साहजिकच स्वागताध्यक्ष म्हणून निधी जमविण्याचे सामर्थ्य असलेली व्यक्ती, म्हणजे पुष्कळदा राजकीय पुढारी किंवा उद्योजक, शोधली जाते.

येथे दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक ठरेल. १९७५ च्या कराड संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे त्या वेळी केंद्रीय मंत्री होते आणि देशात आणीबाणी होती. तरीही अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न निर्भयपणे मांडला. त्यांचे व्यक्तिगत धैर्य तर होतेच. परंतु त्यांचे अध्यक्षपद यजमानाने दिलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. याउलट २०१९ च्या यवतमाळ संमेलनात उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, संमेलन उधळण्याचे इशारे मिळाल्यानंतर, मागे घेण्यात आले. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. तेथे अनुदान थांबविण्याचा प्रश्न नव्हता. निमंत्रणाचे अंतिम दायित्व कोणाचे, हेच स्पष्ट नव्हते.

खासगी भागीदारीने हा प्रश्न सुटतो असेही नाही. २०१० च्या पुणे संमेलनात गुटख्याच्या व्यवसायाशी संबंधित प्रायोजकावरून वाद झाला. शासनाचे थेट दडपणही नाकारता येत नाही. राज्य शासनाच्या ग्रंथपुरस्कारातील हस्तक्षेपाच्या पार्श्वभूमीवर १९८१ साली मुंबईत मालतीबाई बेडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समांतर संमेलन भरले होते. आश्रयदाता बदलला तरी अवलंबन उरतेच, हा यातील बोध होय.

दिल्लीत १९५४ साली भरलेल्या संमेलनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. २०२५ साली तेथेच भरलेल्या ९८ व्या संमेलनाचे उद्घाटनही पंतप्रधानांच्याच हस्ते झाले. सत्तेची उपस्थिती हा अपवाद नसून संकेत झाला आहे. तेव्हा तिच्या बहिष्कारापेक्षा तिच्या मर्यादांची निश्चिती अधिक महत्त्वाची ठरते. संमेलन स्वावलंबी व्हावे म्हणून महाकोशाचा संकल्प महामंडळाने सोडला होता. त्याला पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. सार्वजनिक पैसा तीन दिवसांच्या सोहळ्याऐवजी अशा स्थायी निधीकडे वळला, हिशेब प्रसिद्ध झाले आणि निमंत्रितांविषयीचा अंतिम अधिकार लेखी स्वरूपात साहित्यसंस्थेकडे राहिला, तर अनुदान हे उपकार न राहता वाचकांचा हक्क ठरेल. अन्य भारतीय भाषांतील साहित्योत्सवांच्या अभ्यासकांनीही पैसा कोणाचा या प्रश्नाबरोबर, दिलेले निमंत्रण रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न विचारावा. स्वायत्ततेची खरी कसोटी तेथे लागते.