जलविमान : संधी आणि अडचणी

पाण्यावरून उडणाऱ्या व पाण्यावरच उतरणाऱ्या विमानास जलविमान म्हणतात. त्यास धावपट्टी लागत नाही; शांत जलाशय आणि लहानसा धक्का पुरतो. म्हणून बेटे व दुर्गम स्थळे जोडण्यास ते सोयीचे ठरते.

भारतात २०१० मध्ये अंदमानात ‘जलहंस’ सेवा सुरू झाली, तर २०२० मध्ये गुजरातेत साबरमती ते केवडिया. दोन्ही टिकल्या नाहीत. अशा विमानात आसने थोडी, पण देखभाल खर्चिक असते. खाऱ्या पाण्याने धातू गंजतो. अंधारात सहसा उड्डाण होत नाही. मालदीवमध्ये मात्र विखुरलेल्या बेटांवर वर्षभर पर्यटक जातात, म्हणून तेथे ही सेवा चालते. तात्पर्य, सेवा उद्घाटनाने सुरू होते. टिकते ती नियमित प्रवाशांमुळेच.

विचार करा : आपल्या परिसरातील जलाशयावर ही सेवा वर्षभर चालेल का? कारणे लिहा.