आहारव्यवस्थेचे निर्वसाहतीकरण आणि वैद्याचा पथ्यविचार

'निर्वसाहतीकरण' म्हणजे परदेशी पदार्थांवर बहिष्कार, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. अभ्यासकांच्या दृष्टीने प्रश्न पदार्थाच्या जन्मस्थानाचा नसून अधिकाराचा आहे. काय पेरावे, काय खावे आणि कोणते ज्ञान प्रमाण मानावे, हे कोणी ठरवावयाचे?

हॅरिएट फ्रीडमन व फिलिप मॅकमायकेल यांनी १९८९ मधील लेखात जागतिक अन्नव्यवस्थेचे दोन कालखंड मांडले. १८७० ते १९१४ या काळात युरोपातील औद्योगिक मजुरांसाठी समुद्रापलीकडून स्वस्त अन्न जात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवाह उलटला आणि अमेरिकेचा अतिरिक्त गहू नवस्वतंत्र देशांत आला. १९५४ च्या 'पीएल ४८०' कायद्यान्वये तो भारतातही आला. राज्यकर्ते गेले, तरी अन्नाचे परावलंबन उरले.

पहिल्या कालखंडाची झळ दख्खनने सोसली. १८७६-७८ च्या दुष्काळातही देशातून धान्याची निर्यात चालूच होती. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन दिवसाला १ पौंड धान्य व १ आणा इतके खाली आणले. पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. आहाराची 'राशी' येथे मजुराचा अग्नी व श्रम पाहून नव्हे, तर खजिना पाहून ठरली.

१९९६ मध्ये 'ला व्हिया कँपेसिना' या शेतकरी चळवळीने अन्नसार्वभौमत्वाची संकल्पना जगापुढे ठेवली. पुरेसे धान्य मिळणे एवढ्यावर न थांबता, अन्न कसे पिकवावे हे ठरविण्याचा हक्कही तिने मागितला.

आयुर्वेदाला ही दृष्टी परकी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या अष्ट आहारविधिविशेषायतनांत देश, काल व उपयोक्ता यांना स्थान आहे. मात्र शास्त्राने नव्या द्रव्याला दार बंद केले नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात फिरंग रोगावर परदेशातून आलेली चोपचिनी सांगितली आहे. अमेरिका खंडातून आलेली मिरचीही अभ्यासाने आपल्याकडे ओकसात्म्य झाली. म्हणून 'जुने ते सर्व पथ्य' ही भूमिकाही शास्त्रीय नव्हे.

व्यवहारात याचा अर्थ काय? प्रमेहाच्या रुग्णास आयात ओट्स लिहून देण्यापूर्वी चरकोक्त यव, श्यामाक व कोद्रव यांचा विचार आपण करतो का? हे धान्य त्याच्या गावी पिकते का, त्याला परवडते का, त्याच्या अग्नीला सोसते का, हे विचारावे. औषधी दुकानदारांनीही 'आयात' या शिक्क्याला गुणवत्तेचा पुरावा मानू नये. पथ्यपत्रक आपल्याच हाताने लिहिले जाते. त्यावरील निर्णय तरी जाहिरातीवर सोपवू नये, एवढेच आमचे वैद्यबांधवांना सांगणे आहे.