‘ब्लूनोज’ जहाजाच्या शर्यती

शर्यतीचें जहाज म्हटलें कीं धनिकांची क्रीडानौका डोळ्यांपुढें उभी राहते. आम्ही येथें ज्या जहाजाची माहिती देत आहों, त्याच्या पोटांत मात्र मीठ व मासळी भरलेली असे.

१९२० सालीं ‘अमेरिका कप’ स्पर्धेंतील एक शर्यत, वारा जोराचा आहे म्हणून तहकूब झाली. तसल्या वाऱ्यांत रोजची भाकरी मिळविणाऱ्या उत्तर अटलांटिकच्या कोळ्यांस हें ऐकून हसूं आलें. त्याच वर्षीं कॅनडांतील हॅलिफॅक्सच्या ‘हेरल्ड’ पत्रानें खऱ्या मासेमारी जहाजांसाठीं चषक ठेविला. निदान एक हंगाम खोल समुद्रांत मासे धरलेलें जहाजच त्यास पात्र होई. पहिला चषक अमेरिकेंतील ग्लॉस्टर बंदराच्या ‘एस्पेरांटो’नें नेला.

हा पराभव नोव्हा स्कोशिया प्रांतास झोंबला. विल्यम रूए यांनीं आखलेलें, १४३ फूट लांबीचें, दोन डोलकाठ्यांचें ‘ब्लूनोज’ २६ मार्च १९२१ रोजीं लुनेनबर्ग येथें पाण्यांत उतरलें. अँगस वॉल्टर्स हे त्याचे कप्तान. हंगामांत या जहाजावरून लहान होड्या सोडीत. एकेका होडींत दोघे जण बसून लांब दोरीला गळ लावून कॉड मासे धरीत. दाट धुक्यांत होडी चुकली तर तिचा पत्ता लागणें कठीण!

१९२१ त ‘एल्सी’चा व १९२२ त ‘हेन्री फोर्ड’चा पराभव झाला. १९२३ सालीं ग्लॉस्टरच्या ‘कोलंबिया’शीं गांठ पडली. पहिल्या शर्यतींत जहाजें इतकीं लगटलीं कीं ‘ब्लूनोज’च्या शिडाची आडवी काठी ‘कोलंबिया’च्या दोरखंडांत अडकली, तरी जय ‘ब्लूनोज’चाच झाला. दुसऱ्या शर्यतींतही तेंच पुढें आलें. परंतु खुणेच्या बोयाच्या निषिद्ध बाजूनें गेल्यामुळें पंचांनीं ती शर्यत ‘कोलंबिया’स दिली. वॉल्टर्स रागावून जहाज घेऊन घरीं गेले व सामना बरोबरीचा ठरला. कप्तानांचें हें वर्तन आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. नियम सर्वांस ठाऊक होता. पुढें १९२७ च्या ऑगस्टमधील वादळांत ‘कोलंबिया’ सेबल बेटाजवळ सर्व खलाशांसह बुडालें, आणि त्या वादाचा निकाल समुद्रावर लागावयाचा तो राहूनच गेला.

१९३० सालीं लिप्टन चषकाच्या शर्यतींत ‘गर्ट्रूड एल. थीबो’नें ‘ब्लूनोज’ला हरविलें. १९३१ त त्याची फेड झाली, व १९३८ च्या शेवटच्या सामन्यांत ‘ब्लूनोज’नें पांचांपैकीं तीन शर्यती जिंकल्या. तोंपर्यंत कॅनडाच्या दहा सेंटांच्या नाण्यावर शिडाच्या जहाजाचें चित्र आलें होतें. तें मुख्यतः याच जहाजाचें होय. परंतु यांत्रिक बोटींपुढें शिडांचा धंदा चालेना. १९४२ त ‘ब्लूनोज’ विकलें गेलें आणि वेस्ट इंडीज बेटांत माल वाहूं लागलें. २८ जानेवारी १९४६ रोजीं हैतीजवळ प्रवाळाच्या खडकावर आपटून तें फुटलें. खलाशी मात्र सर्व वांचले.